नवरीचा मामा

"दादा, वाईट वाटून घेऊ नकोस. सायलीला बोहल्यापर्यंत तुझा हर्षलच आणेल," माझी लेक मोहिनी म्हणाली.

दत्तू, माझा थोरला, भिंतीला हात टेकून उभा होता. "बरोबर हाय तुझं. मी असा झुलत आलो, तर व्याही म्हणतील, मामा सकाळीच टाकून आला."

त्याने जन्मात थेंब घेतलेला नाही. दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांतल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली. लहानपणी तो विहिरीच्या कठड्यावरून चालायचा आणि मी खालून रागवायची. तीन वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात जंतू झाले. इंजेक्शनांनी जीव वाचवला, पण कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं, ते त्यांनी नेलं. डॉक्टर म्हणाले, ते परत येणार नाही. आता तो डोळ्यांनी तोल धरतो. डोळे मिटून तोंडाला साबण लावताना त्याचा एक हात नळावर असतो.

सायली आतून आली. "आई, मामा नसेल तर मी एकटी चालत येईन."

"अगं, त्या गवतावरच्या मऊ गालिच्यावर पाय ठरत नाय माझा," दत्तू म्हणाला.

"मला सायकल शिकवताना किती लांब पळालास रे मामा? सोडली सोडली म्हणायचास, आणि सीट धरलेलीच असायची."

दत्तू हसला. मोहिनीने मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी लॉनवर मामा-भाची निघाले. तिचा हात त्याच्या हातात. अर्ध्या वाटेवर त्याचा पाय वाकडा पडला. सायली तिथेच थांबली आणि पैठणीच्या निऱ्या नीट करू लागली. त्याचा हात मात्र तिने सोडला नव्हता.

"मुहूर्त टळतोय, आणि नवरीला नटायचं सुचतंय," माझ्या शेजारची विहीणबाई पुटपुटली.

"हौशी आहे हो आमची," मी म्हटलं.

दत्तूचे पाय ठरले, तशा निऱ्याही नीट झाल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. मामाने नवरीच्या मागे उभं राहायचं असतं, तसा तो राहिला. सायलीने डोळे मिटले. त्याचे उघडेच होते, मांडवाच्या खांबावर लावलेले. अक्षता त्याच्या कपाळावर, पापण्यांवर पडत होत्या. तो हलला नाही. त्याचं एक बोट तेवढं तिच्या खांद्यावर टेकलेलं होतं.