डबल बेल मिळाल्याशिवाय

हसू नका. पंख नाहीत, दार नाही, छप्परही नाही, तरी मी विमानच आहे. श्रीवर्धनच्या बुधाजींच्या पडवीतून बोलतोय.

मी तीन खोक्यांतून आलो. एसटीचे चालक म्हणून निवृत्त झालेल्या बुधाजींनी चित्रांचं पुस्तक पुढ्यात ठेवून मला जोडलं. नळ्यांचा सांगाडा, तीन चाकं, एकामागे एक दोन खुर्च्या, पाठीशी जाळीत कोंडलेला पंखा. वर दोऱ्यांना बांधलेलं भलंमोठं कापड. वारा भरला की ते गादीसारखं फुगतं आणि मला उचलतं. हाताशी असलेली दांडी पुढे ढकलून इंजिनाला जोर दिला की चढायचं, कमी केला की उतरायचं. ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूची पट्टी पायानं दाबायची. सगळं जोडून चार नट उरले.

"कंपनीनं जास्तीचे दिल्यात," बुधाजी म्हणाले. आणि नट खिशात टाकून मोकळे झाले.

त्यांच्या बायकोची, रखमाबाईंची, नजर माझ्या कापडावर. "एवढ्यात सगळी सुपारी वाळंल. तीनदा उडवून बघा. न्हाय उडालं तर कापड माझं!"

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर पंखा फिरला, कापड फुगून डोक्यावर आलं. आता फक्त जोर द्यायचा. पण बुधाजी नुसतेच बसून राहिले. वारा कुणासाठी थांबतो? कापड त्यांच्या अंगावर कोसळलं आणि आतून शिंका ऐकू आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच.

"हातच पुढं जात न्हाय गं," ते रडवेले होऊन म्हणाले. रखमाबाईंनी सुपारीच्या टोपल्या पडवीत आणून ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी अलीमियाँ आले. बुधाजींच्या गाडीवर वर्षानुवर्षं कंडक्टर असलेले. सवयीनं मागच्या खुर्चीत बसले. कापड वर आलं, बुधाजी पुन्हा थिजले. अलीमियाँनी खिशातून चावी काढून माझ्या नळीवर वाजवली, टण् टण्!

"जाऊ दे रे!"

बुधाजींचा हात झटक्यात पुढे गेला. डबल बेल मिळाल्याशिवाय जन्मात गाडी न हलवलेला माणूस तो, करणार काय!

मी उडालो! खाली पोफळी, समोर समुद्र. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तेवढ्यात अलीमियाँना खाली एसटी स्टँड दिसला आणि सवयीनं त्यांनी एकदाच चावी वाजवली, टण्! बुधाजींनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं.

"अरे, आभाळात काय थांबतोस!"

पण माझा गुण असा की इंजिन थांबलं तरी मी दगडासारखा पडत नाही. तरंगत तरंगत दोघांना वाळूवर उतरवलं.

आता अलीमियाँ लेकाकडे दुबईला गेलेत. त्यानंतर बुधाजी रोज येऊन पुढच्या खुर्चीत बसायचे, मागे बघायचे आणि उतरून जायचे. मला फार वाईट वाटायचं.

काल सुपारीची टोपली घेऊन रखमाबाई आल्या. संपलं, मी मनात म्हटलं, कापड गेलं. त्यांनी टोपली खाली ठेवली, पदर खोचला, मागच्या खुर्चीत चढल्या आणि हातातल्या अडकित्त्यानं नळीवर दोनदा हाणलं.

"चला! बघताय काय?"

"अगं, आधी किनाऱ्यावर तरी नेऊ दे," बुधाजी म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसत होते.

तेव्हा मंडळी, कुणाकडे जुनी ताडपत्री असेल तर तेवढी आमच्या दारात टाकून जा. सुपारी वाळायची राहिलीय, आणि माझं कापड आता ड्युटीवर आहे.