क्रूसाशेजारचा झेंडा

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका छोट्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये कुठलाही निर्णय मंडळी हात वर करूनच घ्यायची. त्या रविवारी प्रश्न होता, क्रूसाशेजारी देशाचा झेंडा लावायचा का.

"पास्टर, देशाचं एवढं वावडं का तुम्हाला?" म्हाताऱ्या ऑर्विलनं टोमणा मारला.

"सरकारी चर्चची परवानगी न घेता उपदेश केला म्हणून आपल्या पूर्वजांना चाबकानं फोडलं होतं, ऑर्विल. देवाच्या घरात सरकार नको." पास्टर हायरमचा आवाज चढला.

झेंड्याच्या बाजूनं भराभर हात वर झाले. पहिल्या बाकावर हायरमची बायको व्हर्ना बसली होती. तिचाही हात वर होता.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "तू कसा काय हात वर केलास?"

"आपला मुलगा डॅरेल युद्धावरून परत आला तो शवपेटीतून. पेटीवर हाच झेंडा होता. तुमच्या देवानं काय पाठवलं, सांगा."

हायरमनं गाडी सुरू केली.

पुढच्या रविवारी प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. हायरमनं मध्येच हळूच उघडून पाहिलं. व्हर्ना क्रूसाशेजारी लावलेल्या झेंड्याकडे टक लावून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.