शैलाची सही

मला मुख्याध्यापिका करायचं कानिटकर सरांनी ठरवलं तेव्हा मला विचारलंही नाही. संस्थेच्या बैठकीत परस्पर सांगून टाकलं, "मी जूनमध्ये निवृत्त होतोय. माझ्या जागी शुभदाबाई." शाळेला जमीन देणारे अध्यक्ष दौलतराव मला बाहेर गाठून म्हणाले, "बाई, आमची बी पोरं हितंच शिकत्यात. लाड कुणाचा करायचा न्हाई." मी कुणाचे लाड करते असं त्यांना का वाटावं, देव जाणे.

ही १९७८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. चिंचवडची आमची शाळा कारखान्यांतल्या लोकांनी संस्था काढून उभी केलेली, सरकारी अनुदान न घेणारी. त्यामुळे मुख्याध्यापकाच्या डोक्यावर साहेब नाही आणि चूक झाली तर खापर फोडायला दुसरं डोकंही नाही. सर मला रोज तासभर त्यांच्या खोलीत बसवून तयार करू लागले. शिक्षकाला बोलायचं ते दार लावून. आणि व्हरांड्यातून जाताना चपला वाजवायच्या. "चोरपावलांनी फिरणाऱ्या मुख्याध्यापकाला नको ते दिसतं," ते म्हणाले, "आणि एकदा दिसलं की त्याचं काहीतरी करावं लागतं."

मधल्या सुट्टीत मी शैलाला सरांची नक्कल करून दाखवायची आणि ती ठसका लागेपर्यंत हसायची. नऊ वर्षं आम्ही दोघी शिक्षकांच्या खोलीत एका बाकावर बसून माझ्या डब्यातलं जेवत होतो. तिला सकाळी भाजी करायला सवड नसे. घरी मी एकटी, त्यामुळे शैलाशी होईल तेवढंच माझं दिवसभरातलं बोलणं.

शैलाचे यजमान कायम रात्रपाळीला. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना ओव्हरटाइम लागे आणि निगडीला घरी यायला सात वाजत. घरात सासूबाई. त्यांना भ्रम झालेला, एकटं ठेवलं की दार उघडून थेट हमरस्त्यावर जायच्या. यजमान आल्याशिवाय शैलाला निघता येत नसे, आणि शाळा तर सात दहाला भरायची. तोवर हजेरीपुस्तकात सही झाली नाही तर सर त्या चौकोनात तांबडा गोल करत. तीन गोल झाले की एक रजा गेली. शैलाला नऊ वर्षांत एकही गोल मिळाला नाही, कारण अशा उशिराच्या दिवशी तिची सही मी करायची आणि ती येईपर्यंत दोन्ही वर्ग सांभाळायची.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सरांनी हजेरीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "आजपासून गोल तुम्ही करायचे." मला वाटलं होतं, हे जूनपर्यंत त्यांच्याकडेच राहील. ते वर्तमानपत्र उघडून समोर बसले. सात दहा झाले. शैलाचा चौकोन तेवढा रिकामा होता. तिची सही मी डोळे मिटूनही केली असती.

"शैलाबाईंची सही उशिराच्या दिवशी जास्त सुबक येते," सर पेपराआडून म्हणाले. "नऊ वर्षं बघतोय."

मी पेन खाली ठेवलं. "मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो तर आज ही खुर्ची तुम्हाला देता आली नसती. आता तुमचं तुम्ही ठरवा. मी पेपर वाचतोय."

सरांच्या धाकानं मी गोल केला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं एवढंच की मला ती खुर्ची हवी होती. गोल केला, आणि तोही चांगला गरगरीत.

साडेसातला शैला धापा टाकत आली. तिनं गोल बघितला, मला बघितलं, गोलाशेजारी सही केली आणि वर्गावर गेली. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले तर बोलणं थांबलं आणि सगळे उठून उभे राहिले. शैलाही उठली. "अरे, बसा की," मी म्हटलं. मी बसेपर्यंत कुणी बसेना, आणि मला काही बसवेना. परत सरांच्या खोलीत येऊन मी डबा उघडला. दोघींची भेंडी होती. ती सगळी एकटीनं खाल्ली, उरवायची तरी कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी शाळेत पोचले तर शैला पायरीवर बसलेली. मला बघून उभी राहिली. मला आधी बरं वाटलं. मग आठवलं, यजमानांना आजही ओव्हरटाइम आहे असं ती काल शिपायाला सांगत होती.

"सासूबाई कुठायत?" मी विचारलं.

"शेजारी, अंबूबाईंकडे. त्यांच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायला सांगितली. रडत होत्या. पण होईल सवय."

अंबूबाई तिच्या शेजारी पहिल्यापासूनच राहत होत्या. मला राग आला. ही सोय हाताशी असताना मी नऊ वर्षं खोट्या सह्या केल्या होत्या.

"मग इतकी वर्षं का नाही ठेवलंस त्यांच्याकडे?"

शैलानं माझ्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता तिच्या.

"इतकी वर्षं तू होतीस ना," ती म्हणाली, आणि सही करायला आत गेली.