निवळ बाटली

बाटल्या उन्हात धरून माणसं रांगेत उभी होती. सरबताच्या, तेलाच्या, धुऊन आणलेल्या बाटल्या; आणि प्रत्येकीत ज्याची त्याची लघवी. पुढे खुर्चीवर निर्मळ महाराज.

"दवाखान्याच्या गोळ्यांनी लघवी लाल होते! ते काय असतं? तुमचं रक्त! गोळ्या सोडा, माझं पाणी प्या, चार दिवसांनी बाटली आणा." त्यानं एक बाटली उंचावली. "बघा, निवळ! क्षय धुऊन निघाला!"

टाळ्या पडल्या. निम्मी रांग कापड रंगवण्याच्या कारखान्यातली, हात कोपरापर्यंत निळे. त्यांना वेगळं पटवावं लागत नव्हतं. रंगवलेलं कापड खळबळत राहायचं आणि धुवणाचं पाणी निवळ आलं की काम झालं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

रांगेच्या कडेला एक तरुणी उभी होती. तिच्या आप्पांनीही तेच पाहिलं होतं. गोळ्यांनी ताप उतरला होता, भूक लागत होती, मग उपाशीपोटी गोळ्या घेऊन मळमळ कशाला सोसायची? त्यात लाल लघवीवरून कारखान्यात थट्टा. "पोरी, पाणी निवळ आलं गं!" म्हणत ते बाटली घेऊन हसत घरी आले होते. आजार परतला तेव्हा तो जुन्या गोळ्यांना जुमानेना. पुढचं ती कुणाला सांगत नसे.

आज रांगेत आप्पांचे जोडीदार उभे होते. रंगाच्या एकाच हंड्यावर दोघांनी उमर घालवली होती.

"काका, घरी चला."

"तुझ्या आप्पांनी उशीर केला म्हणून गेले. मी वेळेत आलोय."

"कोण म्हणालं असं?"

"महाराज."

ती सरळ पुढे गेली.

"महाराज, पेलाभर पाणी द्या."

"पी बाळ. शंका धुऊन जाईल."

तिनं पर्समधून आप्पांच्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढली, एक लाल कॅप्सूल उघडून पेल्यात ओतली आणि चमच्यानं ढवळली. पाणी लालकेशरी झालं.

"काका, हे रक्त कुणाचं?"

महाराज उसळला. "नास्तिक हात लागला! पाणी विटाळलं!"

"आण इकडे, माझा हात भाविक आहे," रांगेतला एक रंगारी म्हणाला. त्यानं दुसरी कॅप्सूल ओतली. रंग आणखी गडद झाला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"रंग गोळीचा आहे," ती म्हणाली. "अंगातून लघवीत उतरतो. गोळी सोडली की लघवी निवळणारच, महाराज असो नसो. चार दिवस गोळ्या सोडायला लावणं, एवढाच याचा चमत्कार. अहो, रंगारी ना तुम्ही? हंड्यात रंगच घातला नाही तर पाणी निवळच राहील. पण कापडही कोरं राहील!"

काकांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग ती गटारात उपडी केली.

"मला उशीर झाला का गं?"

तिला खोटा धीर द्यायचा नव्हता. "आत्ता दवाखान्यात जाऊ. किती दिवस गोळ्या सोडल्या ते खरं सांगा, डॉक्टर रागावले तरी."

रांग अजून मोडली नव्हती. ती वळली.

"लाल रंगाला भिऊ नका. मळमळलं तर डॉक्टरांना सांगा. बरं वाटलं म्हणून थांबू नका. कधी थांबायचं ते तेच सांगतील. माझे आप्पा गेले तेव्हा त्यांची बाटली अगदी निवळ होती."