मुक्ताबाईंची सीडी मी छापली

मित्रांनो, कागदावर छापणारे प्रिंटर तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी त्यांच्यातलाच एक, आता जुना झालेला. माझा मूळचा करडा रंग खिडकीकडच्या बाजूने पिवळट पडला आहे. पण माझ्या भाऊबंदांपेक्षा मला एक गोष्ट जास्त येते. माझ्या पोटाशी, कागद बाहेर पडतो त्याच्या जरा वर, एक लहानसं दार आहे. ते उघडून आत एक काळा ट्रे सरकवता येतो. त्या ट्रेच्या गोल खाचेत सीडी बसवली, की मी थेट सीडीच्या पाठीवर नाव आणि चित्र छापतो. कागद नको, डिंक नको.

त्यासाठी सीडी मात्र पांढऱ्या पाठीची लागते. त्या पांढऱ्या थरात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात आणि माझ्या शाईचे थेंब त्यांत मुरतात. साध्या चकचकीत सीडीवर मी कितीही मनापासून छापलं, तरी बोट लागताच सगळं पुसून जातं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी सोलापुरात आलो आणि नवी पेठेतल्या संगमेश यांच्या दुकानात वरच्या फळीवर जाऊन बसलो. संगमेश माणूस हसतमुख, पण माझ्या ट्रेची त्यांना काही कदर नव्हती. गिऱ्हाइकांना ते सांगत, "त्ये काय लागत न्हाय हो, ठिवा बाजूला." मला फार वाईट वाटे. हात आहे, पण काम नाही, अशी माझी गत होती.

एके दिवशी मनाली आली. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने किंमत विचारण्याआधी माझा खोका चारी बाजूंनी वाचला आणि मग विचारलं, "काका, सीडीचा ट्रे आहे ना ह्यात?" संगमेश यांनी तो शोधून दिला. मी आनंदाने तिच्याबरोबर रिक्षात बसलो.

बुधवार पेठेतलं तिचं घर दोन खोल्यांचं, पण गाण्याने भरलेलं. तिचे वडील जालिंदरराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि भीमगीतांची पार्टी चालवत. ते स्वतः पेटी वाजवत, त्यांचा पुतण्या यशपाल तबल्यावर आणि शेजारचे कोंडीबा ढोलकीवर. गाणारा आवाज मात्र एकच होता, मनालीच्या आईचा. मुक्ताबाई गात, आणि गाणीही त्याच रचत. भाकरी थापताना ओळी जुळवायच्या आणि तवा उतरला की मनालीला म्हणून दाखवायच्या, अशी त्यांची रीत.

एवढं असून पूर्वीच्या कॅसेटवर छापलेलं होतं, 'जालिंदर आणि पार्टी'. आदल्या वर्षीच्या सीड्यांवरही तेच. त्या सीड्यांवर कागदी गोल चिकटवले होते. सोलापूरच्या उन्हात त्यांचा डिंक सैल झाला आणि वळसंगच्या एका घरी सीडी प्लेअरमध्येच अडकून बसली. त्या लोकांनी अख्खा प्लेअर उचलून आणला आणि जालिंदररावांसमोर ठेवला. म्हणाले, "गाणं तुमचं हाय, तुमीच काढा."

म्हणून मी आलो, असं घरात सगळे समजत होते. मनालीचं कारण निराळं होतं. त्या वर्षीच्या भीमजयंतीला वाटायच्या सीडीवर तिला आईचं नाव हवं होतं. तिने ते आईला सांगितलं. मुक्ताबाई म्हणाल्या, "कशाला गं?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या साडीचं एक झाकण शिवलं आणि माझ्यावर घातलं. तेव्हाच मी ओळखलं, की त्यांनाही ते फार हवं होतं.

गाणी घरातच ध्वनिमुद्रित झाली. पंख्याचा आवाज येतो म्हणून एप्रिलच्या दुपारी पंखा बंद ठेवला होता. सगळे घामाने निथळत होते, पण मुक्ताबाईंचा सूर जराही हलला नाही. नंतर पार्टीचा फोटो काढला. जालिंदरराव पेटी घेऊन मधोमध बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना यशपाल आणि कोंडीबा. मुक्ताबाई सगळ्यांना चहा देऊन, हात पुसत, शेवटी आल्या आणि कडेला उभ्या राहिल्या.

मग माझी पाळी आली. मनाली संगणकावर फोटो बसवत होती आणि जालिंदरराव तिच्या मागे उभे राहून सांगत होते, "मला मधी घे, बरोब्बर मधी." त्या घाईत तिने पडद्यावरच्या मधल्या वर्तुळाकडे लक्ष दिलं नाही. मी तर चेहरे ओळखत नाही. सांगितलेल्या जागी थेंब सोडतो, इतकंच माझं काम. मी छापून दिलं. ट्रे बाहेर आला. यशपाल छान आला होता, कोंडीबांच्या मिशाही छान आल्या होत्या. सीडीच्या मधलं भोक मात्र बरोबर जालिंदररावांच्या चेहऱ्यावर आलं होतं. पेटी होती, हात होते, आणि डोक्याच्या जागी आरपार खिडकी दिसत होती.

"आरं, माझं मुंडकं कुटं गेलं?" जालिंदररावांनी विचारलं.

मुक्ताबाई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, "मधी बसायची हौस हाय की तुमाला. बसा आता."

घरात इतका हशा पिकला, की शेजारून कोंडीबा पाहायला आले. जालिंदररावही हसले, पण हट्ट सोडला नाही. त्यांनी फोटो डावीकडे सरकवायला सांगितला. मी छापला, तर भोकात कोंडीबा गेले. मग उजवीकडे सरकवला, तर यशपाल गेला. यशपाल गाल फुगवून बसला. कोंडीबांनी सीडी डोळ्यांजवळ नेऊन नीट तपासली आणि म्हणाले, "ढोलकी ऱ्हायली न्हवं? मग डोस्कं गेलं तरी चालंल."

फोटो कसाही सरकवला, तरी कडेच्या मुक्ताबाई प्रत्येक सीडीवर अखंड होत्या. मला ते कळत नव्हतं. मनालीला कळत होतं. ती सीड्या एकीपुढे एक मांडत होती.

इकडे माझा जीव वरखाली होत होता. या खेळात माझी शाई झपाट्याने संपत चालली होती आणि माझा लाल दिवा लुकलुकू लागला होता. मनालीने संगमेश यांना फोन केला. ही शाई दुकानात नव्हती. मागवली तर जयंती उलटून गेल्यावर येणार होती. म्हणजे आता उरल्या शाईतच सगळ्या सीड्या छापायच्या होत्या.

जालिंदररावांनी लगेच निर्णय दिला. फोटो नको, नुसतं नाव छापायचं. आणि खुर्ची ओढून त्यांनी सांगायला सुरुवात केली, "लिव्ह मने. जालिंदर आणि पार्टी."

मनालीची बोटं तशीच राहिली. तिने आईकडे पाहिलं.

"थांब मने," मुक्ताबाई म्हणाल्या. त्या पुढे येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "गाणी मी बांधली, मीच म्हनली. त्या 'आणि'च्या मागं मी किती वर्सं बसू? माझं नाव लिव्ह."

जालिंदररावांनी समोर मांडलेल्या सीड्यांकडे पाहिलं. मग कोंडीबांकडे पाहिलं. कोंडीबा छताकडे पाहू लागले.

"लिव्ह," जालिंदरराव शेवटी म्हणाले. "तिचं नाव लिव्ह." मग त्यांनी हळूच विचारलं, "आन् माझं?"

मनालीने टाइप करून दाखवलं. सीडीच्या वरच्या अर्ध्या भागात, गोलाईने, मोठ्या निळ्या अक्षरांत: गीत आणि गायन मुक्ताबाई सरवदे. खाली बारीक अक्षरांत पेटीवर जालिंदर, तबल्यावर यशपाल, ढोलकीवर कोंडीबा, आणि त्याखाली बुधवार पेठ, सोलापूर.

"माझं जरा ठळक कर की."

"करते, पप्पा. पण शाई संपली, तर शेवटच्या सीड्यांवर आईचं नाव फिकं येईल."

जालिंदररावांनी माझ्या लाल दिव्याकडे एकदा पाहिलं. "मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवसासारखं काम मी पुन्हा केलं नाही. मनालीने आईला सगळं शिकवलं. सीडी फक्त कडेने धरायची, ट्रे खुणा जुळेपर्यंत सरकवायचा आणि मग बटण दाबायचं. पहिलं बटण मुक्ताबाईंनी दाबलं. मी एक-एक अक्षर सावकाश, काळजीने उमटवत गेलो. ट्रे बाहेर आला, तेव्हा त्यांनी सीडी दोन्ही तळव्यांमध्ये कडेने धरून आपलं नाव वाचलं. पहिल्यांदा मनात वाचलं, मग मोठ्याने.

ओल्या सीड्या वाळवायचं काम जालिंदररावांनी मागून घेतलं. धुतलेल्या चादरीवर त्यांनी त्या ओळीने मांडल्या आणि शेजारी राखणीला बसले. कोंडीबा कौतुकाने एक सीडी उचलू लागले, तर म्हणाले, "तंबाखूचा हात लावू नगंस. मुक्ताचं नाव पुसंल."

शाई पुरली. शेवटच्या सीडीवर निळा रंग किंचित फिका होता, पण नाव स्पष्ट होतं. ती सीडी त्यांनी घरातच ठेवली. बाकीच्या जयंतीला वाटल्या गेल्या, आणि बार्शी, करकंब, वळसंग अशा कितीतरी गावांना पोचल्या. पुढची काही वर्षं मी दर जयंतीला असाच राबलो. पेठेतले लोक मला पाहायला येत. मुक्ताबाई माझं दार उघडून ट्रे कसा जातो, ते ऐटीत दाखवत.

मग दिवस बदलले. सीडी प्लेअर अडगळीत गेले आणि गाणी फोनमध्ये राहायला गेली. मनालीला बार्शीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली. मी साडीच्या झाकणाखाली बसून राहिलो. माझी शाई तोंडाशीच वाळली. मुक्ताबाईंची गाणी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत होती, हे मी घरातल्या बोलण्यातून ऐकत असे. पण ती फिरताना नाव कुठेतरी गळून पडलं होतं. कुणी म्हणे जुनं गाणं आहे, कुणी म्हणे पुण्याच्या कुणा बाईचं आहे. मुक्ताबाई हसून सोडून देत. त्या हसण्याचा सूर मात्र पूर्वीचा नव्हता.

यंदा फाल्गुनात दारावर थाप पडली. करकंबहून बाळाबाई नावाच्या एक बाई आल्या होत्या. त्यांच्या गावातल्या बायका मिळून मुक्ताबाईंचं एक गाणं म्हणत. फोनवर ऐकून बसवलेलं. कुणाचं आहे, ते कुणालाच माहीत नव्हतं. विहाराचं कपाट आवरताना बाळाबाईंना एक सीडी सापडली. कुणाकडून तरी प्लेअर मागून आणून त्यांनी ती लावली, तर तेच गाणं आणि तोच आवाज. सीडीच्या पाठीवर नाव होतं, पेठ होती, गाव होतं. त्या सरळ एसटीत बसून निघाल्या.

दार जालिंदररावांनी उघडलं. आता ते निवृत्त आहेत. कार्यक्रमाचं बोलावणं असेल, असं समजून त्यांनी विचारलं, कुठली तारीख धरायची?

"जय भीम, दादा. तुमी न्हवं," बाळाबाई म्हणाल्या. "मुक्ताबाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जालिंदररावांनी आत हाक दिली, "मुक्ता, भाईर ये. तुझं नाव इचारत आल्यात."

त्या दुपारी बाळाबाईंनी ते गाणं ओळीओळीने समजून घेतलं. फोनवर दोन कडवी कापली गेली होती, तीही शिकून घेतली. मुक्ताबाईंचा आवाज थोडा जाड झाला आहे, पण सूर तसाच लागला. पेटीवर जालिंदरराव होते.

मनाली रविवारी घरी आली, तेव्हा तिला सगळं कळलं. तिने माझ्यावरचं झाकण काढलं, कोमट शुद्ध पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने माझी वाळलेली तोंडं शांतपणे मोकळी केली, आणि नवी शाई घातली. पहिली ओळ तुटक आली, दुसरी बरी, तिसरी अगदी नीट. आता करकंबच्या बायकांसाठी पुरी गाणी असलेल्या नव्या सीड्या होणार आहेत. आणि फोनवर पाठवायच्या प्रत्येक गाण्यालाही मनाली आता नाव जोडते.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं वापरली नाहीत, की वाळून जातात. तेव्हा आठवड्यातून एक रंगीत पान तरी आमच्यातून काढत जा. सीडीवर बॉलपेनने कोरू नका, कारण गाणं त्या पांढऱ्या पाठीच्या लगेच खाली असतं. आणि तुमच्या घरात कुणी गात असेल, कुणी काही रचत असेल, तर त्यांना नाव कसं लिहायचं ते विचारा आणि तसंच लिहा. मग मला सांगा. माझी शाई भरलेली आहे.