एवांथियाचं नाव

स्तामातिसने पट्टी पुन्हा पानाच्या वरच्या टोकाला ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत आणली. आडनाव त्याच्याच घराण्याचं होतं. थोरल्या भावाचं नाव सापडलं, पुतण्यांची सापडली, त्याचं स्वतःचंही सापडलं. पोरीचं नव्हतं.

"काही चुकलंय का?" टेबलापलीकडून वकीलबाईंनी विचारलं. डानाई तिचं नाव. मतदानावर देखरेख करायला न्यायालयाने तिला पात्रा शहरातून पाठवलं होतं. वय अठ्ठावीसच्या वर नसेल.

"नाही. छपाई बारीक आहे."

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. आनो व्रिसी गावच्या शाळेत नऊ वर्षांत एकही मूल आलं नव्हतं. निवडणूक आली की तेवढं कुलूप निघायचं, जाळी झटकली जायची आणि मोठी माणसं त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. मतदान समितीत यंदा चिठ्ठीने स्तामातिसचं नाव निघालं होतं. आलेल्या माणसाचं नाव यादीत शोधायचं आणि पट्टी धरून त्यावर रेघ मारायची, एवढंच काम. पण आठवडाभर गावात तो सांगत सुटला होता, की या खेपेला माझ्या लेकीच्या नावावर मी माझ्या हाताने रेघ मारणार.

एवांथिया तेवीस वर्षांची होती आणि सहा वर्षांपासून अथेन्समध्ये राहत होती. शिकली होती बोलायला अडखळणाऱ्या मुलांवर उपचार करायला, आणि काम करत होती कॅफेत. नाताळात कॅफेला सुट्टी नसते, ईस्टरला मालक सोडत नाही, ऑगस्टमध्ये तर पर्यटकांची झुंबड. मतदानासाठी मात्र कायद्याने त्याला सोडावंच लागायचं. तिचं नाव गावच्या यादीत, म्हणून ती यायची. त्यामुळे स्तामातिसच्या घरी सण एकच, निवडणुकीचा. सरकार पडलं की त्याला मनातून बरं वाटे. एकदा कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि महिन्याभरात दुसऱ्यांदा मतदान झालं, तेव्हा अख्खा देश वैतागला होता आणि स्तामातिसने कोकरू कापलं होतं.

नऊ वाजता त्याची बायको पोलिक्सेनी मत द्यायला आली. ओळखपत्र दाखवून झालं, मत टाकून झालं, तसा तो तिच्यामागोमाग अंगणात गेला.

"पोरीचं नाव नाहीये यादीत."

पोलिक्सेनीने डोक्यावरचा रुमाल नीट केला. "माहितीये मला."

"तुला माहितीये? कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. अथेन्सला हलवलंन तिने."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"कोण सांगणार तुम्हाला? दहा दिवस जेवला नसतात. तेवढी माझी भांडी कमी झाली असती म्हणा."

"मग आज येते म्हणाली ते?"

"येतेय की. बाराच्या बसने."

"कशाला पण? मत तर तिकडे!"

"तिलाच विचारा," ती म्हणाली आणि पालक भरलेली पोळी, पिठा, भट्टीत भाजायला ठेवलीये म्हणून घाईने निघून गेली.

फाटकापाशी थेओफानिस उभाच होता. एवांथियाचा हा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला पाण्यातून वर काढून हातात घेतलं होतं ते यानेच. आता तो गावात एका उमेदवाराची मतं सांभाळायचा. त्याच्या खिशात मतपत्रिकांची चवड असे, आणि प्रत्येकीवर त्या उमेदवाराच्या नावापुढे आधीच फुली मारलेली. गावकऱ्यांनी ती खिशात घालून आत जायचं, पडद्याआड लिफाफ्यात सरकवायची आणि आत मिळालेल्या कोऱ्या टोपलीत टाकायच्या. बापाने मुलाला द्यायची, सासूने सुनेला. त्यात गैर काही आहे असं कुणाला वाटतही नसे.

"ही एवांथियाची," त्याने घडी पुढे केली. "टीव्हीवर ऐकलंस ना? या खेपेला म्हणे तरुण पोरंच सरकार ठरवणार. ठरवू देत. पण आनो व्रिसीची पोरं काय ठरवणार, ते मी ठरवणार."

"ती काही लहान नाही आता."

"म्हणून तर सांगतोय. आरोग्य केंद्रात मुलांसाठी तिच्यासारखीच बाई हवीये. मी साहेबांच्या कानावर घातलंय. घरातली तिन्ही मतं दिसली, की पोरगी शरद ऋतूत घरी. रोज रात्री तुझ्या टेबलावर जेवेल. आणखी काय पाहिजे तुला?"

आणखी काहीच नको होतं. नाव यादीत नाही हे स्तामातिसने सांगितलं नाही. घडी घेऊन तो आत आला आणि पट्टीपुढे बसला.

बस बाराला पाच कमी असताना आली. शाळेत एकदम गलका झाला. कानांत इयरफोन, पाठीवर पिशव्या, कुणाच्या केसांना निळा रंग. म्हाताऱ्या त्यांचे गाल ओढत होत्या. स्तामातिस नावं शोधत होता, रेघा मारत होता. सात पोरं झाली. गेल्या खेपेला सोळा होती.

मग दारात एवांथिया दिसली. वाळलेली वाटली, केस कापलेले. ती टेबलाकडे आलीच नाही.

"या, ओळखपत्र द्या," डानाई म्हणाली.

"माझं नाव इथे नाही. मी सकाळी सातलाच मत देऊन आले, अथेन्सला. यांची मुलगी आहे मी."

स्तामातिसने मान वर केली नाही. पट्टी सरळ होती तरी त्याने ती पुन्हा सरळ केली.

"मग खोलीत थांबता येणार नाही," डानाई हळूच म्हणाली. "नियम आहे. बाहेर बसा. आणि तुम्ही, काका, दहा मिनिटं जाऊन या. त्याहून जास्त नाही सोडता येणार."

दोघं अंगणातल्या बाकावर बसली.

"नाव काढलंस आमच्यातून," तो म्हणाला.

"काढलं नाही, बाबा. हलवलं."

"एकच ते."

"आमच्या कॅफेत अकरा जण आहोत. मागच्या वेळी मत दिलं फक्त दोघांनी. बाकीच्यांची नावं कुठे बेटावर, कुठे डोंगरात. जायला दोन दिवस, भाड्याला आठवड्याचा पगार. मग टीव्हीवाले म्हणतात तरुणांना देशाचं काही पडलेलं नाही. मी सगळ्यांच्या मागे लागले, नावं अथेन्सला आणा म्हणून. नुसती कॅफेतच नाही, अख्ख्या गल्लीत. दोनशेच्या वर झाली. आणि माझं एकटीचं तेवढं गावात ठेवू? तोंड कसं दाखवलं असतं?"

"आले का मग आज?"

"आमचे अकराच्या अकरा. साडेसहापासून रांग होती, बाबा. पुढे मी होते."

तिचे डोळे चमकत होते. लहानपणी पहिला नंबर आला की याच फाटकातून ती अशी धावत यायची, आणि तेव्हा प्रगतिपुस्तक त्यालाच दाखवायची. आता दाखवायला दोनशे माणसं होती, आणि त्यांतलं एकही त्याच्या ओळखीचं नव्हतं. तरी त्याला अभिमान वाटला.

त्याने खिशातली घडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. आरोग्य केंद्राचं सगळं सांगितलं. तिने फुली पाहिली.

"तीन वर्षं तो हेच सांगतोय ना?"

"चार."

"मला यायचंय हो, बाबा. तुम्हाला काय वाटतं, माझ्या मनात नाही येत? पण असं नाही यायचं. ह्याच्या खिशातून नाही."

स्तामातिसने घडी परत घेतली आणि त्या कागदाचे चार तुकडे केले, थेओफानिस फाटकातून बघत असताना.

"काका!" आतून हाक आली.

पोलिक्सेनी पिठा घेऊन शाळेतच आली. एवांथिया घरी गेलीच नाही. दारासमोरच्या बाकावर बसून राहिली, आणि उघड्या दारातून स्तामातिसला तिचा एक खांदा, एक गुडघा दिसत राहिला. दोनदा त्याने भलत्याच नावावर रेघ मारली असती, डानाईने बोट ठेवलं म्हणून वाचलं. चार तास बसने येऊन पोर दहा पावलांवर बसली होती, आणि त्याला सात वाजेपर्यंत खुर्ची सोडायची परवानगी नव्हती.

परतीची बस चारची होती. पावणेचारला ती उंबऱ्यापाशी आली. आत आली नाही. खोलीत तेव्हा मतदार कुणी नव्हता. डानाई पाठ फिरवून खिडकीची कडी तपासू लागली. तपासण्यासारखं त्या कडीत काही नव्हतं.

"येते, बाबा."

"हं." त्याने पट्टी बाजूला ठेवली. "पोचलीस की फोन कर. पुढची निवडणूक काय, आता चार वर्षांनी."

"आणि तीही माझी इथे नाही."

"तीही नाही."

तिने खांद्यावरचा पट्टा वर ओढला. "पुढच्या रविवारी घरी आहात ना?"

"मी कुठे जाणार? का?"

"येतेय मी. मालकाला विचारलं. मागितली तर देतो तो सुट्टी. आजवर मी मागितलीच नव्हती."

"पुढच्या रविवारी कसली निवडणूक आहे?" त्याने विचारलं.

"कसलीच नाही," एवांथिया म्हणाली.