देसांकाच्या घरावर लढलेली निवडणूक

झिवादिनला निवडून यायचंच नव्हतं. नगरसभेला उमेदवारांची यादी उभी करणाऱ्या प्रत्येक गटाला, मोठा असो की चिल्लर, सरकार प्रचारासाठी सारखाच वाटा देतं. आमच्या गावात तो बारा लाख दिनार होता. अकरा तरी खिशात राहतील, असा त्याचा हिशेब. छापखाना जावयाचा, रातोमिरचा. पावती म्हणाल तेवढ्याची.

अट एकच: शंभरात एक तरी मत पडायला हवं, नाहीतर पैसे परत. आणि तोवर काहीतरी तारण. स्वतःचं घर त्यानं केव्हाच बायकोच्या नावावर केलेलं. म्हणून तो थोरल्या विधवा बहिणीकडे, देसांकाकडे गेला.

"ताई, नुसता कागद आहे गं. घर कुठे पळून जातंय?"

"आणि मतं नाही पडली तर, झिका?"

"तीनशे सह्या आहेत माझ्या यादीला. मतं लागतात सव्वाशे. एवढा हिशेब तुला येत नाही?"

तिनं तारण लिहून दिलं.

सह्या खऱ्याच होत्या. घराण्याच्या संताच्या सणाला आमच्याकडे आमंत्रण नसतं, दार उघडं असतं. त्यानं दोन डुकरं भाजली आणि सह्या प्रमाणित करणाऱ्या कारकुनाला परातीशेजारीच बसवलं. तेलकट बोटांनी सगळा मोहल्ला सही करून गेला. यादीचं नाव 'स्वच्छ नदी'. झिवादिनच्या डुकरखान्याचं गटार त्याच नदीत सुटतं.

पैसे आले. रातोमिरनं आठ हजार पोस्टरांचं बिल फाडलं आणि वीस छापली. नगरपालिकेसमोर चिकटवून फोटो काढला, झालं. यादीचा क्रमांक कुणाला ठाऊकच नव्हता.

मतं पडली एकसष्ट. त्याच्या बायकोनंही नोकरीच्या धाकानं मोठ्या पक्षाला दिलं होतं. झिवादिननं शेजारच्या बोरिवोयेला गाठलं.

"अरे, सही केली होतीस ना?"

"केली की. जेवलो, सही केली, फिटलं. मतदानाला काय वाढलं होतंस, दादा?"

देसांका दाराशी आली. "झिका, त्यांचे पैसे टाक त्यांच्या तोंडावर."

"सगळे प्रचारात गेले, ताई. पावत्या आहेत."

"मी तर एकही पोस्टर पाहिलं नाही."

"तू नगरपालिकेकडे फिरकतेस तरी कधी?"

घर लिलावात निघालं. शेजारणीच्या घरावर बोली लावायला आम्हाला लाज वाटते, म्हणून बोली एकच आली: रातोमिरची, बारा लाख. आत्याबाई म्हणून ज्यांच्या पाया पडायचा, त्यांच्याकडूनच त्यानं किल्ली मागून घेतली.

तर जमाखर्च असा. सरकारचे बारा लाख छपाईच्या बिलातून रातोमिरकडे आले आणि लिलावातून सरकारला परत गेले. सासऱ्या-जावयाचा एक दिनार सुटला नाही, घर मात्र मिळालं. आम्ही फुकट जेवलो. पैसे भरले एकट्या देसांकानं.